वेळापत्रकात शेत शोधणाऱ्या मुलीस

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक पाहिलं. शेती शिकायला आले आणि सगळं रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्रच आहे, ही तुझी तक्रार रास्त आहे, पण ती सुरुवातीपुरतीच. कृषी पदवीचा साचा बहुतेक ठिकाणी असाच असतो. आधी माती, वनस्पती आणि हवामान, मग पिकं, रोग-किडी, पैदास, फळबागा, जनावरं, सिंचन, अवजारं, आणि शेवटाकडे अर्थशास्त्र, विस्तार (शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणं) व शेतावरचं प्रत्यक्ष काम. विभाग वेगवेगळ्या इमारतींत बसतात म्हणून विषय सुटे वाटतात. शेतात ते सुटे नसतात.

एक पिवळं पान घे. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून चढत असेल तर आधी नत्राचा, म्हणजे नायट्रोजनच्या कमतरतेचा, संशय घ्यायचा. नत्र रोपात हलतो, त्यामुळे तो कमी पडला की रोप जुन्या पानांतला काढून कोवळ्यांना पुरवतं. जुन्याच पानांच्या कडा करपत असतील तर पालाश (पोटॅश). शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह, आणि शेंडा शिरांसकट फिकट असेल तर गंधक. हे झालं वनस्पती शरीरक्रियाशास्त्र. पण लोह कमी म्हणून जमिनीत फेरस सल्फेट टाकलंस आणि जमीन चुनखडीची निघाली, तर ते लोह थोड्याच दिवसांत पिकाला न मिळणाऱ्या रूपात अडकतं. तिथे फवारणी किंवा चिलेट (लोह अडकू न देणारं रूप) लागतं, आणि ते कळायला जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, माहीत हवा. पिवळे-हिरवे चट्टे दिसले तर विषाणू आणि तो पसरवणारी कीड बघायची, म्हणजे रोगशास्त्र आणि कीटकशास्त्र एकाच पानावर. रोप उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या तर घाई करू नकोस. द्विदल पिकाची रायझोबियमची (हवेतला नत्र पकडणाऱ्या जिवाणूंची) गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सुटते आणि कामात असेल तर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमीची) गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. परीक्षेत हा फरक दोन गुणांचा असतो, शेतात मात्र याच चुकीपायी चांगल्या पिकावर औषध ओतलं जातं.

मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सगळ्यांचं लक्ष ब्युरेटकडे (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या नळीकडे) असतं, पण चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते, नमुना घेताना. शेतात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी घ्यायचं. वरचा काडीकचरा बाजूला करून १५ सेंमी खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा, आतली माती टाकून द्यायची आणि भिंतीची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाच्या जागी आणि नुकतंच खत दिलेल्या ओळीत नमुना घ्यायचा नाही. सगळी माती मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. वाळवायची सावलीत. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी फावडं किंवा जस्ताचा मुलामा असलेली चाळणी चालत नाही, नाहीतर जमिनीऐवजी अवजारातलंच लोह आणि जस्त मोजलं जातं. आणि खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो.

पुढे वॉकली-ब्लॅक पद्धतीने मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) काढाल. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास ठेवल्यावर द्रावण हिरवं झालेलं दिसलं तर टायट्रेशनला बसूच नकोस. डायक्रोमेट संपलं आहे, म्हणजे मातीत कर्ब जास्त आहे. कमी माती घेऊन पुन्हा सुरुवात कर. शेवटी १.३ ने गुणायचं, कारण ही पद्धत सरासरी ७७ टक्केच कर्ब पकडते. जर्नलमध्ये तो आकडा नुसता उतरवू नकोस, तोंडी परीक्षेत तोच विचारतात.

कृषिविद्येत खतांची गणितं डोळे मिटून यायला हवीत. हेक्टरी १०० किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) द्यायचं आहे आणि हाताशी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) व युरिया आहे, असं समज. सुरुवात स्फुरदापासून. डीएपीत ते ४६ टक्के, म्हणून १०९ किलो डीएपी लागेल. त्यात १८ टक्के नत्रही येतं, म्हणजे जवळपास २० किलो. उरलेल्या ८० किलोंसाठी ४६ टक्क्यांचा युरिया १७४ किलो. डीएपीतलं नत्र वजा करायला विसरणारे युरिया २१७ किलो काढतात. दुसरा सापळा असा, की गोणीवरचं स्फुरद हे पी-टू-ओ-फाइव्हच्या, म्हणजे ऑक्साइडच्या, रूपात असतं, मूलद्रव्याच्या नाही. मूलद्रव्य हवं असेल तर ०.४४ ने गुणायचं, पालाशला ०.८३ ने. परदेशी पुस्तक वाचताना आकडे कोणत्या रूपात दिलेत ते आधी बघ.

पैदासशास्त्रात मेंडेलची ९:३:३:१ गुणोत्तरं पाठ होतात, पण हात बसायला वेळ लागतो. गव्हाचा संकर घे. ओंबी पोटरीतून (तिला झाकणाऱ्या पानाच्या आवरणातून) बाहेर आली आहे पण परागकोश अजून हिरवे आहेत, ही योग्य वेळ. पिवळे दिसले तर ओंबी सोडून द्यायची. टोकाच्या आणि बुडाच्या स्पाइकलेट (ओंबीवरचे फुलांचे छोटे झुबके) काढून टाकायच्या, उरलेल्यांतली मधली फुलं चिमट्याने उपटून बाहेरची दोन ठेवायची, तुसाचं वरचं टोक कात्रीने कापायचं आणि प्रत्येक फुलातले तिन्ही परागकोश काढायचे. दोनच निघाले तर तिसरा आत फुटून स्वपरागण करतो, आणि तुला दाणे दिसतात पण संकर नसतो. चिमटा प्रत्येक फुलानंतर स्पिरिटने पुसायचा. ओंबीवर बटर पेपरची पिशवी घालून तारीख लिहायची, आणि दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी पसरली की सकाळी पराग द्यायचा.

कीटकशास्त्राचा संग्रह शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध. वाळलेला कीटक टोचला की मोडतो, आधी ओलसर बरणीत मऊ करावा लागतो.

आता संख्याशास्त्र, ज्याच्यावर तू सर्वात जास्त चिडली आहेस. ते शेतीत बाहेरून आलेलं नाही. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले, आणि तिथल्या पीकप्रयोगांवर काम करतानाच प्रसरण विश्लेषण, म्हणजे खरा फरक आणि योगायोगाचा फरक वेगळा करणारा तुमचा ॲनोव्हा, आकाराला आला. सहा उपचार (तुलना करायची खतं, जाती वगैरे) आणि चार पुनरावृत्ती म्हणजे आरबीडीत, प्लॉट गटांत मांडण्याच्या रचनेत, २४ प्लॉट आणि त्रुटीचे (उपचारांमुळे नसलेल्या फरकाचे) स्वातंत्र्यांश १५, हे सगळ्यांना येतं. चुकतं ते गट आखताना. उतार वरून खाली असेल तर प्रत्येक गट उताराला आडवा पसरायला हवा, म्हणजे गटातले सहाही प्लॉट सारख्या जमिनीवर येतात. उभा आखला तर वरच्या आणि खालच्या मातीतला फरक त्रुटीत शिरतो, आणि खरोखर चांगला उपचारही 'सार्थ नाही', म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकतो, असा ठरतो. नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करत नाही.

कापणीही तितकीच बेतानं. ४५ सेंमीवर दहा ओळी, पाच मीटर लांब, असा प्लॉट असेल तर दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडायचा, कारण कडेच्या रोपांना ऊन आणि जागा जास्त मिळते. उरतं ३.६ गुणिले ४, म्हणजे १४.४ चौरस मीटर. हेक्टरला न्यायला ६९४ ने गुणायचं. त्यामुळे काट्यावर १०० ग्रॅम चुकले की कागदावर हेक्टरी ६९ किलो चुकतात. धान्यात १८ टक्के ओलावा असताना १२ टक्क्यांवर न आणता वजन लिहिलंस, तर सुमारे ७ टक्के उत्पादन नुसतं पाण्याचं असतं.

अर्थशास्त्र सोपं समजून मुलं ते आदल्या रात्री वाचतात. त्यातली एक गोष्ट मात्र कृषिविद्येच्या वहीतच लिहून ठेव: सर्वाधिक उत्पादन देणारी खताची मात्रा आणि सर्वाधिक नफा देणारी मात्रा एक नसते. शेवटच्या किलो खताने वाढलेल्या उत्पन्नाची किंमत त्या किलोच्या किमतीइतकी झाली की थांबायचं, आणि तो बिंदू नेहमी उत्पादनाच्या शिखराच्या अलीकडेच येतो. शिफारस ऐकणाऱ्याला हे कसं सांगायचं, ते विस्तार शिक्षणात येईल. तो विषय पुस्तकात कंटाळवाणा आहे, खोटं कशाला सांगू, लोकांशी बोलतानाच तो समजतो.

प्रॅक्टिकलसाठी छोटं भिंग घे, दहा पटीचं. वीस पटीचं घेतलंस तर शेतात उभ्याने ते स्थिर धरता येत नाही. ते डोळ्याला लावायचं आणि पान त्याच्याकडे आणायचं, म्हणजे लाल कोळीही दिसेल.

तुझी,
आई