दुर्बिणीच्या खोक्यावरचे '525 पट'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून कोजागरीच्या सुमारास आकाश मोकळे होऊ लागले, की आमच्या सांगली-मिरज भागात दुर्बिणींच्या खरेदीला दरवर्षी जोर चढतो. कोणी मुलाच्या वाढदिवसासाठी घेतो, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ गावच्या शाळेला भेट देतो. आणि शाळेला मिळालेली दुर्बीण पुष्कळदा पहिल्या रात्री सर्वांना चंद्र दाखवून जी कपाटात जाते, ती पुन्हा बाहेर निघत नाही. मुलांना आकाशाची आवड उरली नाही असा निष्कर्ष यावरून काढला जातो, तो मला मान्य नाही. दोष बहुतेक वेळा खरेदीच्या वेळी झालेल्या निवडीत असतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

लहान दुर्बिणींच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '525 पट' असे छापलेले असते. हा आकडा खोटा नसतो, आणि गोम तिथेच आहे. वस्तुभिंगाचा (पुढच्या मोठ्या भिंगाचा) व्यास 70 मिलिमीटर, केंद्रांतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) 700 मिलिमीटर आणि सोबत दिलेला सर्वांत लहान आयपीस (डोळा लावायचे भिंग) 4 मिलिमीटर केंद्रांतराचा, म्हणजे 700 भागिले 4, असे 175 पट. त्यात तीन पटींचे बार्लो भिंग, म्हणजे वर्धन तिप्पट करणारे जादा भिंग, घातले की 525. गणित चोख आहे, पण दुर्बिणीला ते पेलत नाही. भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट वर्धन उपयोगी पडते, म्हणजे 70 मिलिमीटरच्या भिंगाची मर्यादा 140 पटींच्या आसपास येते, तीही हवा अगदी शांत असेल तर. त्यापलीकडे प्रतिमा मोठी होते, परंतु तिच्यात नवा तपशील एकही येत नाही, उलट ती अंधूक आणि लिबलिबीत होत जाते. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते. 525 पटींना दृष्टिक्षेत्र इतके चिंचोळे होते, की गुरू वीस सेकंदांच्या आत एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने निघून जातो. रांगेत उभ्या असलेल्या पाचवीच्या मुलाने डोळा लावेपर्यंत तिथे काळोखच उरलेला असतो. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून, हे येथे लक्षात घ्यावे.

पाहायचा असतो तो व्यास. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते; 70 मिलिमीटरचे भिंग तिच्या शंभर पट आणि 150 मिलिमीटरचा आरसा (काही दुर्बिणींत वस्तुभिंगाऐवजी आरसा असतो) साडेचारशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. अंधूक तारकागुच्छ दिसणे आणि शनीच्या कड्यांमधली फट ओळखू येणे, या दोन्ही गोष्टी व्यासावर ठरतात. मात्र व्यासाइतकाच महत्त्वाचा असतो तो स्टँड, आणि नेमकी तिथेच सर्वाधिक काटकसर केलेली असते. मिरजेत तंबोरा घ्यायला आलेला जाणकार भोपळ्यावरची नक्षी पाहून पैसे मोजत नाही, तारा छेडून जवारी ऐकतो. तशीच परीक्षा येथेही करता येते. दुर्बीण दूरच्या एखाद्या वस्तूवर रोखून आयपीसमधून पाहत नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि मनात आकडे मोजावेत. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिर झाले तर ठीक; ते थरथरतच राहिले, तर काच कितीही उत्तम असली तरी आकाश पाहताना वैतागच पदरी पडेल. पातळ ॲल्युमिनियमच्या पायांचे तिपाईवजा स्टँड या परीक्षेत हमखास नापास होतात.

माझे स्पष्ट मत असे, की शाळेला द्यायची असेल तर 130 किंवा 150 मिलिमीटर आरशाची, डॉब्सन पद्धतीच्या बैठकीवरची दुर्बीण द्यावी. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात बरीच वर्षे संन्यासी म्हणून राहिलेले गृहस्थ. त्यांनी टाकाऊ जाड काचा घासून आरसे केले, ते साध्या लाकडी खोक्यावर बसवले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि ग्रह दाखवले. ही बैठक जमिनीलगत असते, डुगडुगत नाही आणि मूल स्वतःच्या हाताने ती फिरवू शकते. प्लायवूडची बैठक आपल्याकडचा कोणताही बरा सुतार करून देईल. याउलट 'विषुववृत्तीय' म्हणून मिळणाऱ्या, वजने आणि चक्रे लावलेल्या स्टँडचे आकर्षण नवख्यांना फार असते. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि सांगलीहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर असतो. शेजारचे घर किंवा आंब्याचे झाड त्याला सहज झाकते. काही स्टँडवर अक्ष इतका खाली आणला की वजनाचा दांडा तिपाईच्या पायालाच अडतो. छायाचित्रण करणाऱ्याला हा प्रकार लागतो, सातवीच्या वर्गाला लागत नाही.

आरशाची दुर्बीण घेताना आणखी एक खूण पाहावी. नळी अर्ध्या मीटरची आणि केंद्रांतर मात्र 1000 मिलिमीटर लिहिलेले असेल, तर आत एक जादा भिंग बसवून ते केंद्रांतर वाढवलेले असते. स्वस्तात ही जोडणी नीट साधत नाही, म्हणून ती टाळावी.

घरासाठी घेणाऱ्याला मी आधी 10×50 ची (दहा पट वर्धन, 50 मिलिमीटर व्यासाची भिंगे) द्विनेत्री घ्यायला सांगतो. कृत्तिका, पुष्यातला तारकागुच्छ, देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका, वृश्चिकाच्या नांगीजवळचे तारकागुच्छ, आणि कठड्याला कोपरे टेकवली तर गुरूचे चंद्रसुद्धा तिच्यातून दिसतात. शनीची कडी दिसणार नाहीत. त्यांना पंचवीस-तीस पटी लागतात. मार्च 2025 मध्ये ही कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसत होती, आता ती वर्षागणिक उघडत जाऊन 2032 च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील, तेव्हा दुर्बिणीसाठी वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही. आपल्या अक्षांशाचा लाभही घ्यावा. परदेशी मार्गदर्शिकांत ज्याला फारसे स्थान नसते, तो नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. सांगलीत तो एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला 25 अंशांपर्यंत वर येतो.

वापराबाबतही थोडे लिहितो. आपल्याकडे दुर्बीण थेट गच्चीवर नेण्याची रीत आहे, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यावरची हवा हलते आणि ग्रहाची कडा उकळल्यासारखी दिसते; शिवाय कोणी चालले की चित्र हादरते. अंगण किंवा शाळेचे मैदान बरे. आरशाची दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवावी, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो. नळीवरची, नेम धरण्यासाठी असलेली छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडीच जुळवून घ्यावी, त्यासाठी साखर कारखान्याचे दूरचे धुराडे उत्तम. एसटीतून आणलेल्या दुर्बिणीचे आरसे वाटेत हलतातच. एखादा ठळक तारा मुद्दाम अस्पष्ट करून पाहावा आणि त्याची वलये एककेंद्री दिसेपर्यंत आरशामागचे स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. कृष्णाकाठच्या हिवाळ्यात दव फार पडते, तेव्हा भिंगापुढे काळ्या पुठ्ठ्याची नळी लावावी. पावसाळ्यात काचेवर बुरशी चढते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण ठेवावी. थोडी धूळ बसली तर बसू द्यावी. उपरण्याने किंवा रुमालाने पुसून काचेवर ओरखडे पाडू नयेत.

आणि मुलांना आधीच सांगावे, की मासिकांतल्या रंगीत चित्रांसारखे काही दिसणार नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. मृगातला तेजोमेघ राखाडी धुक्याच्या पुंजक्यासारखा दिसतो. पण तो छापील नसतो, प्रत्यक्ष असतो, आणि हे बहुतेक मुलांना न सांगता कळते.

एक बाब मात्र गंभीर आहे. काही स्वस्त संचांत आयपीसवर बसवायची काळी 'सूर्य'काच मिळते. एकवटलेल्या उन्हाने ती तडकू शकते आणि त्या क्षणी डोळा कायमचा जाऊ शकतो. ती काच त्याच दिवशी फोडून टाकावी. सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकणारा, सौरनिरीक्षणासाठीच बनवलेला फिल्टरच हवा. तोही शिक्षक जवळ उभे असतानाच, आणि शोधक दुर्बीण झाकून.

ज्या शाळांच्या कपाटांत दुर्बिणी पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात काढण्यापूर्वी 4 मिलिमीटरचा आयपीस आणि बार्लो भिंग बाजूला ठेवून 20 किंवा 25 मिलिमीटरचा आयपीस लावून पाहावा, अशी विनंती आहे. तो नसल्यास नव्या दुर्बिणीच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत मिळतो. स्टँड डगमगत असेल तर त्याचे पाय पूर्ण न ताणता आखूड ठेवावेत आणि मधोमध वाळूची पिशवी टांगावी. आणि नवी दुर्बीण देणाऱ्या देणगीदारांनी विक्रेत्याकडे एकच आग्रह धरावा, की पैसे देण्याआधी ती संध्याकाळी दुकानाबाहेर लावून चंद्रावर रोखून दाखवावी. जो विक्रेता याला तयार होत नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मिरज (जि. सांगली)