उंदरांवरून आयांना दोष नको

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लहानपणच्या ताणाने मोठेपणी स्मरणशक्ती जाते असा लेख आला होता, त्यात उंदरांच्या प्रयोगावरून थेट नोकरी करणाऱ्या आयांवर उडी मारलीय. याच विषयावर आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेत मेंदूशास्त्रज्ञ विदिता वैद्य यांच्या लॅबने काम केलंय, 2013 साली छापून आलंय, त्याचा उल्लेख असता तर लेखाचं हेडिंगच बदलावं लागलं असतं.

त्यात उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून बाजूला ठेवलं आणि मोठं झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली. अशा परीक्षेला एक गोल टाकी असते, पाणी मुद्दाम गढूळ केलेलं, आत पाण्याखाली जेमतेम बुडालेला छोटा प्लॅटफॉर्म, तो दिसत नाही, उंदराने पोहत पोहत आजूबाजूच्या खुणांवरून जागा लक्षात ठेवायची. तर दोन महिन्यांच्या वयात ही आईविना राहिलेली पिल्लं चक्क सरस निघाली, हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, नव्या पेशीही जास्त! पंधराव्या महिन्यात, म्हणजे उंदराच्या चाळिशीत म्हणा, सगळं उलटं. पेशी कमी, आठवण कच्ची. मग ताण चांगला की वाईट? कधी मोजलं त्यावर आहे ना ते.

ताणाच्या हार्मोनचं तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, उंदरांमधलं कॉर्टिकोस्टेरॉन म्हणजे माणसातल्या कॉर्टिसॉलचा भाऊ, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन जिथे चिकटतं त्या जागा, भरपूर. मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या टीमने 1997 मध्ये दाखवलं की जी आई पिल्लांना जास्त चाटते तिच्या पिल्लांत हे रिसेप्टर जास्त असतात आणि ताण आला तरी लवकर उतरतो. पण उंदराचं पिल्लू जन्मतः आंधळं, बहिरं, आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही, त्याचे तीन तास आणि आजीकडे किंवा पाळणाघरात खेळणाऱ्या मुलाचा दिवस एकाच मापाने कसे मोजता? आधीच ऑफिसला निघताना आईचा पाय निघत नाही, त्यात हे.

आणखी एक, मेंदूच्या संशोधनात वर्षानुवर्षं नरच वापरले गेलेत. 2011 च्या एका पाहणीत फक्त मादीवर केलेल्या एका प्रयोगामागे फक्त नरांवरचे साडेपाच निघाले, कारण काय तर मादीचं चार-पाच दिवसांचं हार्मोनचक्र मध्ये येतं म्हणे. अहो पण त्या चक्रात इस्ट्रोजेन वरखाली होतं तसे हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींवरचे बारीक काटेही, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात ते, कमीजास्त होतात, हे 1990 पासून माहीत आहे, मग तीच तर बघायची गोष्ट. तेव्हा पुढच्या वेळी असं काही छापाल तेव्हा उंदीर नर होते की मादी आणि केवढ्या वयाचे, एवढं तरी लिहा.

— एक वाचक, डोंबिवली