नऊ नोटा

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, दुपार

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं नाही म्हणून लिहिते. "आई, माझ्या आत एक कॅशियर बसलाय आणि तो तुझ्या आवाजात बोलतो," असं तू म्हणालास आणि मी "बरं, जेवलास का?" विचारून फोन ठेवून दिला. दोन दिवस धुसफुसत होते. 33 वर्षं खिडकीमागे बसून ज्या पगारावर तुला शिकवलं, त्या कॅशियरचं तुझ्या डोक्यात भूत व्हावं? शिवाय भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू. माणसाच्या आत माणसं बोलतात म्हटलं की आपल्याकडे आधी मांत्रिक आठवतो, मग डॉक्टर.

तिसऱ्या दिवशी तुझ्या थेरपीबद्दल तू पाठवलेलं वाचायला घेतलं. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, पासबुक तपासावं तसं.

हा आजार नव्हे, एवढं आधी कळलं आणि जीव भांड्यात पडला. "एक मन म्हणतं जावं, एक मन म्हणतं नको," हे तर तुझी आजी पायात चपला घालताना म्हणायची. रिचर्ड श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकन थेरपिस्टनं 1980च्या दशकात तेच रुग्णांच्या तोंडून ऐकलं आणि मनावर घेतलं. तो मुळात अख्ख्या कुटुंबांना समोर बसवून काम करणारा. भसाभस खाऊन मुद्दाम ओकून टाकणाऱ्या मुली त्याच्याकडे यायच्या. त्या म्हणायच्या, माझा एक भाग असं करतो आणि दुसरा त्यावरून मला फाडून खातो. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आतही एक कुटुंबच नांदतंय. म्हणून नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स. वाड्यात सून म्हणून आलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी सातला एका मोरीपाशी अकरा माणसं, प्रत्येकाचं म्हणणं रास्त, आणि प्रत्येकाला वाटायचं बाकीचे दहा आगाऊ.

या आतल्या भागांच्या त्याच्या इंग्रजी नावांना मी माझी नावं दिली, त्याशिवाय डोक्यात बसेनात. पहिले कारभारी: काही बिघडू नये म्हणून आधीच धाक घालणारे. तुझा कॅशियर त्यांतला. दुसरे हद्दपार: ज्यांचं दुःख घराला सोसवत नाही म्हणून ज्यांना दूर ठेवलेलं असतं. (हद्दपार म्हटलं की बडोदेकराला 1875 साली गादीवरून उतरवून मद्रासला नेलेले मल्हारराव आठवायचेच.) आणि तिसरे बंबवाले. आपल्या दांडिया बाजारच्या फायर स्टेशनातून रात्री घंटा वाजवत गाडी सुटली की तू अंथरुणातून उठून गॅलरीत धावायचास. आग दिसली की बंबवाला गालिचा भिजेल का हे बघत बसत नाही. रात्री दोनला बिर्याणी मागवून पहाटेपर्यंत रील्स बघत बसणारा, तो तुझा बंबवाला. मी त्याला आळशी म्हणत आले. यापुढे म्हणणार नाही, असं वचन मात्र देत नाही.

या भागांशी भांडायचं नाही, ही गोष्ट श्वार्ट्झलाही चुकूनच कळली. एका मुलीचा एक भाग तिला स्वतःच्या अंगावर जखमा करायला लावायचा. श्वार्ट्झनं त्या भागाला दटावून दटावून, आता जखमा करणार नाही असं कबूल करवलं. पुढच्या वेळी ती आली ती चेहऱ्यावर जखम घेऊन. तेव्हा त्यानं हात टेकले आणि त्या भागाला नुसतं विचारलं, बाबा, तू हे का करतोस? तिथून पुढे ते प्रश्नच उपचार झाले. त्यातला एक मी वहीत उतरवून घेतला: हे काम तू सोडलंस तर काय होईल अशी तुला भीती वाटते?

माझ्यातल्या बँकवालीनं तारण मागितलंच. पुरावा अजून तोकडा आहे. संधिवाताच्या 79 रुग्णांवरचा एक अभ्यास 2013 साली छापून आला. दुखणं आणि उदासी कमी झाली म्हणतात. 79 जणांच्या जोरावर मी कर्ज मंजूर केलं नसतं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. आणि अशा बैठकांतून नसलेल्या आठवणीही तयार होऊ शकतात, असा काहींचा आक्षेप आहे, तोही मला पटला. पण त्याबद्दलच मला तुला काही सांगायचंय.

निवृत्त झाल्यापासून रविवारी मी अरविंद निवासात, श्रीअरविंद बडोद्यात राहायचे त्या घरात, ध्यानाला जाते, तुला ठाऊक आहे. जानेवारी 1908मध्ये विष्णू भास्कर लेले या योग्यांनी श्रीअरविंदांना इथे बडोद्यातच तीन दिवस ध्यानाला बसवलं होतं. म्हणाले, विचार येताना दिसेल, आत शिरायच्या आधी फेकून द्या. त्यांना तीन दिवसांत साधलं. मला इतक्या वर्षांत एकही फेकता आलेला नाही. आज मी फेकायचं सोडलं आणि माझ्या कॅशियरला तो वहीतला प्रश्न विचारला. ती लगेच बोलली. नोकरीच्या पहिल्या महिन्यात कॅश 200 रुपये कमी आली होती, ती मी पदरचे पैसे घालून भरली आणि तुझ्या बाबांना सांगितलं नाही. ती म्हणाली, पुन्हा कमी आलं तर सगळे म्हणतील, हिनं खाल्ले.

आणि मग तुझा तो मुलगा आठवला. तू म्हणालास ना, बैठकीत एक मुलगा दिसतो, जिन्यावर पिशवी घेऊन उभा, मूठ मिटलेली, काही बोलत नाही. कोण ते तुला कळत नाही. मला कळलं.

तू आठ वर्षांचा होतास. साबुदाणा आणि दाणे आणायला मी तुला शंभर रुपये दिले, दहाच्या कोऱ्या नोटा. परत यायला हवे होते 36, आले 26. मी तुला दुकानात परत पाठवलं. दुकानदार म्हणाला, "नेवुं ज आप्या हता," नव्वदच दिले होते. मग मी तुला जिन्यावरच उभं केलं. खाऊच्या गोळ्या घेतल्यास ना? खरं सांग. तू नाही म्हणालास, चारदा तरी. दिवेलागण झाली तेव्हा "हो" म्हणालास. ताळा जमला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

दोन दिवसांनी माझ्या पर्सच्या फाटक्या अस्तरात एक कोरी दहाची नोट सापडली. मी नऊच दिल्या होत्या. बँकेत दोनदा मोजणारी मी, घरी एकदाही मोजल्या नव्हत्या. तुला सांगितलं नाही. नोट भाजीत खर्च करून टाकली.

तेव्हा ही आठवण कुणी तयार केलेली नाही. मी साक्षीदार आहे.

त्या मुलाजवळ बसून त्याचं ओझं उतरवायचं असतं, असं मी वाचलं. ते तू आणि तुझी थेरपिस्ट बघा, त्यात मी लुडबुड करत नाही. पण त्याला माझ्याकडून एवढं सांग: दुकानदार खरं बोलत होता, तूही खरं बोलत होतास. हिशेब माझा चुकला होता.

पाकिटात नोट घालणार होते, पण साध्या टपालात रोख रक्कम घालायची नसते. दिवाळीला येशील तेव्हा दहा रुपये मागून घे. लीलो चेवडो कुरिअरनं पाठवलाय, पोचला की कळव.

तुझी,
आई