सहा जणांचं गाणं

सप्रेम जयहिंद, बाई.

वयानं तुम्ही माझ्या नातीच्या बरोबरीच्या. पण शाळेत गाणं शिकवता, म्हणून मी बाईच म्हणणार. हे पत्र हातात दिलं असतं तर 'कशाला मेजर काका' म्हणत तुम्ही पर्समध्ये सरकवलं असतं, म्हणून सगळ्यांसमक्ष लिहितोय. (वाचणाऱ्यांनी घोटाळा करून घेऊ नये. आमच्या सातारा भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. मी निवृत्त झालो हवालदार म्हणून.)

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, लाउडस्पीकरवर 'ऐ मेरे वतन के लोगो' लागलं आणि दरवर्षीसारखा मी उठून शाळेमागच्या नळाकडे गेलो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला लघवीला लागली असेल. वाटू दे. तुम्ही मागोमाग आलात. विचारलं काहीच नाहीत. नळ सोडून हात धुतलेत आणि परत गेलात. पुढच्या रविवारी मात्र पेटी घेऊन दारात हजर.

"काका, तिकडे तुम्ही कोणती गाणी म्हणायचात?"

५० वर्षांहून जास्त काळ गेला, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. किती मारले, हे विचारतात. भीती वाटली का, हेही विचारतात. एका कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून दोन मिनिटं दिली आणि दीड मिनिटात माईक काढून घेतला, पाहुण्यांना पुढे जायचं होतं.

खरं सांगायचं तर आघाडीवर स्फूर्तिगीतं कुणी म्हणत नसे. मुलांना हे सांगितलं तेव्हा ती हिरमुसली. आम्ही अभंग म्हणायचो, तमाशातली गाणी म्हणायचो, सुभेदार साहेब जवळ नसले की त्याहून वाईट काहीतरी. संध्याकाळी विविध भारतीवर फौजी भाइयोंसाठी 'जयमाला' लागायचं. बंकरात ट्रान्झिस्टर अगदी बारीक आवाजात ठेवून सात-आठ डोकी त्याच्याभोवती. सेल संपत आले की ते उन्हात ठेवायचे, ही ड्यूटी माझी.

आणि एक गाणं आमचं स्वतःचं होतं.

मी बॉम्बे सॅपर्सचा. १९६८ साली खडकीला भरती झालो. सॅपर म्हणजे फौजेतला गवंडी, सुतार आणि सुरुंगवाला एकाच माणसात. बेली पूल म्हणजे लोखंडी पॅनल जोडून उभा करायचा फौजी पूल. त्याचं एक पॅनल १० फूट लांब, वजन ५७० पौंड, म्हणजे २६० किलोच्या आसपास. सहा जणांनी उचलायचं. सहाही जण एका दमात उठले नाहीत तर एकाची कंबर गेलीच म्हणून समजा. उस्ताद मोजणी घालायचे, पण माझ्या जोडीदारानं त्याला चाल लावली. भजनाची चाल, शब्द त्याचे:

एक उचला, दोन उचला, तिसरं खांद्याला,
अलीकडं रणगाडा उभा, पूल हवा त्याला.

पुढे आणखी होतं. तुमच्यासमोर एवढंच आठवलं आणि मी गप्प बसलो. तो गेला त्यानंतर मी ते कधी म्हटलंच नव्हतं.

लोकांच्या हिशेबात पाकिस्तानबरोबरचं ते युद्ध ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झालं आणि १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. आमच्या पश्चिम आघाडीवर १७ तारखेला रात्री ८ वाजता गोळीबार थांबला. बाकीच्या पलटणी मिठाई वाटत होत्या. सॅपरचं काम मात्र गोळीबार थांबल्यावरही असतंच, कारण जमिनीत पेरलेल्या माईनला युद्धबंदी कळत नाही. पालथं पडायचं, प्रॉडर, म्हणजे माईन चाचपायचा टोकदार गज, ३० अंशांत तिरका खुपसायचा, बोटाबोटानं पुढे सरकायचं. उभा खुपसला तर तो माईनच्या डोक्यावर बसतो, तिरका असला तर तिच्या कुशीला लागतो. मोकळी झालेली जागा दाखवायला दोन्ही बाजूंनी पांढरी टेप. तिथे गाणं नाही. तिथे स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटतो.

फेब्रुवारी ७२ मध्ये तो गेला. टेपच्या आतच होता. कसं झालं ते मी तुम्हाला सांगितलंय, इथे लिहीत नाही. त्या संध्याकाळी ट्रान्झिस्टर कुणी लावला कोण जाणे, आणि नेमकं 'ऐ मेरे वतन के लोगो' लागलं. बंद करायचं कुणाला सुचेना.

गाणं वाईट आहे असं कोण म्हणेल? २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडितजींसमोर लताबाईंनी म्हटलं, आणि चाल आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. मी तेव्हा शाळेत. ते ऐकून फौजेत जायचं ठरवलं, असं सांगायला छान वाटलं असतं. पण घरी अडीच एकर जिरायत आणि चार भाऊ, हे खरं कारण. गाण्याशी माझं भांडण नाही. ते गेलेल्यांची आठवण ठेवायला सांगतं, आणि आमच्यात त्याचं जेवणाचं ताट अजून धुवायचं पडलं होतं. एवढंच.

त्या रविवारनंतर तुम्ही पेटी पुन्हा उघडली नाहीत. "चाल बोटांत नसेल काका, तुमच्या पाठीत असेल," म्हणालात आणि नववीतली सहा पोरं आणि शाळेचा एक जुना बाक घेऊन आलात. मला वाटलं, ही बाई जरा चक्रम आहे. अंगणात पोरं बाकाभोवती उभी केली. त्यांनी कसाही हात घातला आणि एक कोपरा दाणकन खाली आपटला. मग माझ्यातला हवालदार उठला. पाय कसे ठेवायचे, गुडघ्यातून कसं उठायचं, श्वास कधी सोडायचा, सगळं दाखवलं आणि शेवटच्या पोराला बाजूला करून त्याच्या जागी मी हात घातला. बाक उचलला, दोन पावलं टाकली, आणि तोंडातून आपोआप आलं:

आई इचारी, लढलास काय? बंदूक कुठं रं बाळा?
बंदूक पाठीवं, पूल हातात, फौज गेली पल्याडला.

बाक माझ्या हातून सुटला. पोरं हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. तुम्ही वही काढून ओळी उतरवून घेतल्यात आणि माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

त्याचा आवाज मला त्या क्षणी ऐकू आला, बाई. 'रं बाळा'वर तो मुद्दाम आवाज किनरा करायचा, त्याच्या आईसारखा. इतकी वर्षं मला त्याचं शेवटचंच दिसत होतं. तो माणूस विनोदी होता हे मी विसरूनच गेलो होतो.

२६ जानेवारीला पोरांनी ते म्हटलं, बाक उचलूनच. समोरच्या पाहुण्यांना हे देशभक्तिगीत आहे की मजुरांचं गाणं हे कळेना, टाळ्या जरा उशिरा आल्या. त्यानंतर लाउडस्पीकरवर नेहमीचं गाणं लागलं. मी दुसऱ्या कडव्यापर्यंत बसलो. मग नळाकडे गेलोच, पण या वेळी खरंच पाणी प्यायला.

एक तक्रार आहे. पोरं 'पल्याडला' म्हणताना लांबवतात. ते तोडून म्हणायचं, कारण तिथे पॅनल खाली ठेवायचं असतं. लांबवलं तर बोटं अडकतात.

आणि माझ्या हातून सुटलेल्या त्या बाकाचा पाय मोडला होता, तो सुताराकडून बसवून घेतलाय. न्यायला पोरं पाठवा. सहाच पाठवा.

तुमचा,
मेजर काका