असईचे गोलंदाज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर नोव्हेंबरात ११ तारखेच्या जवळच्या रविवारी आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये युद्धात पडलेल्यांची आठवण होते. पहिलं महायुद्ध १९१८ साली त्याच तारखेला थांबलं. दोन मिनिटं उभं राहायचं, मग नावं. यंदा बाहेर पडताना ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "सर, इंग्रजांचं सुतक अजून किती वर्षं पाळणार?" प्रश्न टोचला, पण अगदीच गैरलागू नव्हता.

माझं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, असईला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेची ईस्ट इंडिया कंपनीच्या सेनापतीशी, आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. कंपनीकडून लढणाऱ्यांतही गोरे कमी, मद्रासकडचे देशी शिपाईच जास्त. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तिथंच कापले गेले. जिंकलेल्या पलटणींना निशाणावर हत्ती मिळाला. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्ती तिथलाच. गोलंदाजांना काय मिळालं? मी गेलो तेव्हा त्या वावरांत कपाशी होती. बांधावरचा शेतकरी म्हणाला, "आमचा आजा सांगायचा, नांगराला गोळे लागायचे." एवढंच.

मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असं योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू म्हणतो. युद्धस्मारकांवर हे वचन हमखास कोरलेलं असतं. मला ते जरा घाईचं वाटतं. येशूनं प्राण दिला, कुणाचा घेतला नाही. शिपायावर दोन्ही वेळा येतात. त्याला क्रुसावर चढवून आपण मोकळे होतो, आणि त्याला तिथं पाठवलं कुणी हे विचारायचं राहून जातं. त्यापेक्षा त्याच्यासाठी प्रार्थना करावी. समोरच्यासाठीही करावी, वैऱ्यावर प्रीती करा हेही त्याच येशूचं सांगणं आहे, फक्त ते दगडावर कुणी कोरत नाही.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. मुलगा फौजेत होता, सीमेवर गेला. झेंडावंदनाला बोलावणं येतं, शाल-नारळ मिळतो, मागच्या फ्लेक्सवर पोराचा फोटो कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे मध्यभागी. शाली पेटीत आहेत, एकीचीही घडी मोडलेली नाही. त्या रविवारी त्या पाळकसाहेबांना एवढंच सांगतात, "नाव वाचा. शूर-बीर काही म्हणू नका." नाव आलं की पदर सावरून उभ्या राहतात आणि यादी संपेपर्यंत बसत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या यादीत 'असईचे गोलंदाज' ही एक ओळ घाला, अशी विनंती मी केली आहे. त्यांची नावं कुणाकडंच नाहीत, म्हणून ओळच. कमिटीपुढं ठेवतो, म्हणाले पाळकसाहेब. पाहू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जालना