विनूस, दांडिया बाजारातून

बडोदा, रविवार रात्र

प्रिय विनू,

काका गेले तेव्हा दोन ओळी पाठवल्या आणि मग गप्प बसलो. दिवाळीला तुझा फोन आला, तोही परत केला नाही. मला लाज वाटते रे. इथे आईचे गुडघे आणि माझी साखर आहे तशीच आहे. लिहायला बसलोय ते आपल्या दोघांच्या बहिणीसाठी, चिमीसाठी.

दीड वर्ष तिचं पोट दुखत होतं. उजवीकडे खाली, जेवण झालं की. संध्याकाळी कणकण. 52 किलोची 41वर आली आणि आम्ही म्हणत राहिलो, शाळेची दगदग. शेवटी दुर्बीण घातली. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे व्रण, आणि तुकडा तपासला तर ग्रॅन्युलोमा, संरक्षक पेशींच्या बारीक गाठी. इथे तू वाचता वाचता थांबला असशील. क्षय की क्रोन्स, म्हणजे अंगातली संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर उलटते तो आजार? दोघांची आवडती जागा तीच, दिसायलाही सारखेच, आणि आपल्याकडे भलेभले डॉक्टर चकतात. क्षय असेल तर जंतू मारायचे आणि अंगातली फौज जपायची. क्रोन्स असेल तर त्याच फौजेचे हात बांधायचे. जंतू काही सापडला नाही, तरी इथल्या रिवाजाप्रमाणे आधी क्षयाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने मळमळ, लाल लघवी, आणि परत दुर्बीण. व्रण जिथल्या तिथे. आता डॉक्टर क्रोन्सच म्हणतात. सूज दाबणारं स्टेरॉइड कमी केलं की दुखणं परत उठतं, म्हणून गुरुवारी इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सलाईनमधून द्यायचं ठरलंय.

तुला सूरसागरच्या काठावरचं ते भांडण आठवतं? शेव-उसळ थंड झाली तरी आपण थांबलो नव्हतो. 1998 साली शास्त्रज्ञ बॉयट्लरच्या गटाने तो उंदीर उलगडला होता, जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-4 हा रिसेप्टर बिघडलेला, एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूच्या कवचातलं विष टोचलं तरी न मरणारा. मी म्हणत होतो, हा रिसेप्टर बंद केला की सेप्सिस, जंतुसंसर्गाने सगळं अंग कोलमडणं, संपला. तू म्हणालास, "त्याच उंदराला साल्मोनेलाचे जिवंत जंतू दे आणि बघ." तो उंदीर जंतूंपुढे टिकत नाही, कारण जंतू आलेत हेच त्याला वेळेवर कळत नाही. मी तुला पाठांतऱ्या म्हणालो आणि पैसे न देता उठून गेलो. पुढे एरिटोरान आलं, टीएलआर-4 अडवणारं औषध. सुमारे 2000 सेप्सिसच्या रुग्णांवर तपासलं आणि मृत्यू कमी झाले नाहीत. 2013 साली तो निकाल तू मला पाठवलास, खाली एक शब्दही न लिहिता. मी उत्तर दिलं नाही. आज देतो: तुझं बरोबर होतं.

माझा हट्ट कुठून आला तेही सांगतो. वीस वर्षं इंजेक्शनांत एंडोटॉक्सिन शोधतोय. शिरेतून जाणाऱ्या औषधात रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ताशी 5 एककांच्या वर गेलं की आख्खा बॅच बाद. जंतूच्या कवचाचा एवढासा अंश रक्तात गेला की अंगात हुडहुडी भरते, हेच रोज पाहिल्यावर अंगातली धोक्याची घंटा वाजणं म्हणजेच रोग असं माझ्या डोक्यात बसलं.

आणि चिमीच्या आजारात घंटा न वाजण्यातूनही आग लागू शकते! 2001 साली क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, नॉड-2. पेशीच्या आत बसून जंतूच्या भिंतीचा एक तुकडा ओळखणारा रिसेप्टर. क्रोन्समध्ये सापडलेल्या बदलांनी त्याची ओळख मंदावते. म्हणजे राखणदार पेंगतो आणि सूज मात्र वाढते. हे मला कितीतरी दिवस पचेना. मग वाड्यातला गुरखा आठवला. तो ज्या रात्री झोपला त्या रात्री कुलकर्ण्यांचा तांब्याचा बंब गेला, आणि दुसऱ्या पहाटे आख्खा वाडा काठ्या घेऊन बाहेर पडला आणि दूधवाल्याला बडवला. पहिली काठी तुझी होती! आतड्यातही बहुधा तसंच होत असावं. दारातला वेळेवर शिट्टी वाजवत नाही, जंतू अस्तरापर्यंत येतात, आणि मग आतली माणसं चोर सोडून संन्याशाला फाशी देतात.

मी तिचं रक्त जनुक-तपासणीला पाठवायला निघालो होतो. डॉक्टरांनी थांबवलं. युरोपातल्या रुग्णांत सापडलेले नॉड-2चे ते तीन बदल आपल्याकडे फारसे आढळतच नाहीत. तिचा कुठला राखणदार पेंगला हे त्यातून कळणार नाही, आणि कळलं तरी गुरुवारचं औषध बदलणार नाही.

माझी झोप उडाली आहे ती या औषधानेच. ते टीएनएफला, म्हणजे फौजेला चेतवणाऱ्या रेणूला, अडवतं. क्षयाच्या जंतूभोवती ग्रॅन्युलोमाची भिंत उभी राहते आणि टिकते ती टीएनएफच्या जोरावर. नॉड-2 सापडलं त्याच 2001 साली हे औषध घेतलेल्या 70 जणांना क्षय झाल्याची नोंद छापून आली, आणि अनेकांचा फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. चिमीच्या छातीचं सीटी स्वच्छ आहे, इतर तपासण्याही झाल्या. डॉक्टर म्हणतात, "चिंता ना करो, आपण लक्ष ठेवू." मला त्यांचा भरवसा आहे. पण तीन महिन्यांत व्रण भरले नाहीत म्हणजे क्षय नाहीच, हे वाक्य मी रात्री दोन वाजता स्वतःला ऐकवतो आणि ते तोंडात अडखळतं. आणि औषध न देऊन तरी काय? आतडं आक्रसत गेलं तर कापावं लागेल.

संमतीचा कागद चिमीने माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "दादा, तू हो म्हण, मी सही करते." मी हो म्हणालो. मग तिने विचारलं, "विनूदादा काय म्हणतो?" तुझ्याशी मी बोलतच नाही, हे मला तिला सांगता आलं नाही. दोन राख्या एकाच ताटात ठेवायची ती, आणि आधी तुला बांधायची, मी चिडावं म्हणून.

वहिनींच्या पायाचं प्लास्टर निघालं का? मुक्ताची बारावी यंदाच ना? तुझ्या बदलीचं काय झालं तेही सविस्तर लिही.

पत्र टपालात टाकलं तर गुरुवार निघून जाईल. म्हणून उद्या सकाळी फोटो काढून तुला पाठवतो. मला नंतर शिव्या दे, आधी चिमीला फोन कर. तिचा नंबर तोच आहे. चार वाजता ती शाळेतून येते.

तुझा,
बाळ्या