यूझेसच्या बाजारातून, पाण्याच्या वाटेने

ल्योन, सोमवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर नीट बोलणे झाले नाही. बाबांना फोनच्या पडद्यावर फार वेळ वाचवत नाही, म्हणून हे कागदावर लिहीत आहे. आईने नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवावे.

येथे मे महिन्यात असेन्शनच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या, गुरुवारी सुट्टी असते आणि मधला शुक्रवार बहुतेक लोक रजा टाकून शनिवार-रविवारला जोडून घेतात. या युक्तीला फ्रेंच माणसे ‘पूल करणे’ म्हणतात. आम्हीही तसा पूल केला आणि योगायोगाने पूलच पाहायला गेलो. दक्षिणेकडे, नीम शहरापासून पंचवीस किलोमीटरवर असलेल्या यूझेस या गावी आम्ही मुक्काम केला होता. (नीमचा उच्चार अगदी कडुनिंबाच्या हिंदी नावासारखा आहे, तुमच्या नातीला ते कळल्यापासून ती त्या शहराला ‘कडू गाव’ म्हणते.)

यूझेसचा मोठा बाजार शनिवारी भरतो. गावाच्या मधोमध प्लास ओ झेर्ब नावाचा चौक आहे, म्हणजे शब्दशः ‘भाजीपाल्याचा चौक’. चारही बाजूंना दगडी कमानींचे ओटे, मध्ये कारंजे आणि वर प्लेन झाडांची दाट सावली. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आमची पाऊण तास वणवण झाली, त्यामुळे पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि गावातल्या बायका वेताच्या टोपल्या भरून परतायला लागल्या होत्या. आई, तुला मंडईत मिळते तसे घासाघीस करण्याचे सुख येथे नाही. भाव पाटीवर खडूने लिहिलेला असतो आणि तोच शेवटचा. त्याहून मोठा नियम असा, की आधी ‘बाँझूर’ म्हणायचे, मगच मालाकडे पाहायचे, आणि मालाला हात लावायचा नाही. मी तुझ्या सवयीने एक टोमॅटो अंगठ्याने दाबून पाहिला, तर गाड्यामागच्या आजीबाईंनी ‘मादाम!’ एवढेच म्हटले. पण असे म्हटले, की मला शाळेत बाकावर उभे केल्यासारखे वाटले. मग त्यांनीच विचारले, की आज खाणार की उद्या? ‘आज’ म्हटल्यावर त्यांनी ढिगातून एकेक उचलून, देठाकडून वास घेऊन चार टोमॅटो वेचून दिले. मी दाबलेला त्यांनी बाजूला ठेवला होता, तोही शेवटी फुकट पिशवीत टाकला.

या दिवसांत ओला लसूण येतो. जांभळट सालीचे, पातीसकट गड्डे जुडीने टांगलेले असतात आणि त्यांचा वास दोन गाड्यांपलीकडूनच येतो. गारिगेत नावाच्या लांबट, निमुळत्या स्ट्रॉबेऱ्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपेक्षा लहान पण अधिक आंबटगोड असतात. बकरीच्या दुधाचे पेलार्दाँ नावाचे चीज सेवेनच्या डोंगरातून येते: तळहातात मावेल एवढी, साधारण साठ ग्रॅमची चपटी वडी. अकरा दिवस मुरल्याशिवाय ती या नावाने विकता येत नाही. विक्रेत्याकडे वेगवेगळ्या वयाच्या वड्या ओळीने मांडलेल्या होत्या. कोवळी दह्याच्या चक्क्यासारखी मऊ आणि जून तर सुरीने कापताना ठिसूळ होऊन फुटणारी. जावयांनी जून घेतली. आई, तू नाक मुरडशील हे मला माहीत आहे, आणि खरे सांगायचे तर गाडीत तिचा वास घेत बसल्यावर मीही थोडे मुरडलेच.

तुझ्यासाठी मात्र एक गोष्ट सापडली. रोन नदी समुद्राला मिळते त्या कामार्ग भागात भाताची शेती होते आणि तेथला तांबडा तांदूळ या बाजारात होता. रत्नागिरीला आजीकडे पेजेला जो तांदूळ असायचा, त्याच्या जवळपास जाणारा. काल रात्री कुकरला लावला, तर तो चार शिट्ट्यांनाही दाद देईना. सहाव्या शिट्टीनंतर शिजला. मऊ मात्र फारसा होत नाही, त्यामुळे पेज पातळच राहिली. किलोभर बाजूला ठेवला आहे, दिवाळीला येताना आणीन.

एक वाजता बाजार उठला आणि आम्ही गावाच्या कडेला जाऊन जेवलो. तेथून बाराव्या शतकातला, खिडक्यांच्या रांगा असलेला एक गोल मनोरा दिसतो. त्याच्याबरोबरचे मूळ चर्च फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांत पाडले गेले आणि तो एकटा उरला. पण तेथून खाली पाहिले तेव्हा मला मनोऱ्यापेक्षा दरी महत्त्वाची वाटली, कारण येथून पुढचा दिवस बाबांचा होता.

बाबा, त्या खोल दरीत अर नावाचा झरा आहे. साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर रोमन लोकांनी याच झऱ्याचे पाणी नीमला नेले. सरळ रेषेत ते अंतर वीसेक किलोमीटर भरते; परंतु मध्ये टेकड्या असल्यामुळे त्यांनी पन्नास किलोमीटरचा वळसा घेतला, आणि एवढ्या अंतरात पाण्याला मिळालेला एकूण उतार फक्त 12.6 मीटर आहे. म्हणजे सरासरी किलोमीटरला 25 सेंटिमीटर. हा आकडा मी दोनदा गुणाकार करून तपासला, कारण तुम्ही तपासणार हे ठाऊक होते. नीरेच्या कालव्यावर तुमच्या मोजणीच्या दुर्बिणीसमोर मी स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, धरून उभी राहायचे आणि जरा कलला की तुम्ही लांबून हात हलवायचा, ते मला येथे फार आठवले. रोमन लोकांकडे दुर्बीण नव्हती; वीस फूट लांबीचे एक लाकडी बाक आणि त्याच्या माथ्यावर पाण्याची खाच, असे समपातळी पाहण्याचे साधन विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने वर्णिलेले आहे.

झऱ्याजवळ पाणी सोडण्या-रोखण्याच्या छोट्या कुंडाचे अवशेष आहेत, ते पाहून आम्ही हेच पाणी गार्दाँ नदीपलीकडे नेणाऱ्या पुलाकडे गेलो. त्याला पाँ द्यू गार म्हणतात. कमानींचे तीन मजले, उंची जवळजवळ 49 मीटर. खालच्या मजल्यावर सहा कमानी, मधल्यावर अकरा आणि वरच्यावर पूर्वी 47 होत्या, त्यांपैकी 35 उरल्या आहेत. खालचे दोन मजले चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून उभे आहेत आणि काही दगड सहा टनांपर्यंतचे आहेत. दर्शनी भागात जागोजागी दगड बाहेर आलेले दिसतात, ते परांची बांधण्यासाठी तसेच ठेवलेले होते. मार्गदर्शकाबरोबर वरच्या पाटात शिरता येते, तेथे मी भिंतीवर हात ठेवला. पाण्यातला चुना शतकानुशतके साचून वीतभराहून जाड थर झाला आहे आणि तो झाडाच्या खोडासारखा वलयावलयांचा दिसतो.

आता खरी गंमत. या जलसेतूला चिकटून अठराव्या शतकात रहदारीचा पूल बांधला, म्हणजे गाड्या-घोड्यांमुळे मूळ खांब झिजू नयेत. तो 1743 ते 1747 या काळात आंरी पितो या अभियंत्याने बांधला. होय, पिटो ट्यूबवालाच! जवळच्याच आरामाँ गावचा माणूस. तुम्ही प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या ज्या नळीचे चित्र मला वहीत काढून दाखवले होते, ती त्याने 1732 मध्ये केली. आणि तो इकडे पूल पुरा करत असतानाच्या सुमारास नानासाहेब पेशवे कात्रजहून शनिवारवाड्याकडे उताराने पाणी आणत होते. तुम्ही मला सायकलवरून त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यासाठीचे बुरूज, दाखवत नेले होते, तेव्हा मी तहान लागली म्हणून रडले होते, असे आई अजूनही सांगते.

खांबांवर जुन्या पाथरवटांनी आपली नावे आणि हातोडा-कर्कटक अशी अवजारे कोरलेली आहेत. तुमची नात त्यांवर बोट फिरवत बराच वेळ उभी होती; मग आपलेही नाव कोरायचे म्हणाली, तेव्हा तिला नदीकाठी नेऊन वाळूत लिहू दिले.

बाबा, एक शंका राहिली आहे. पाटाची रुंदी थरामुळे कमी होत गेली, तरी उतार तोच राहिला. मग पाण्याची पातळी वर चढत गेली असेल, की वाहणारे पाणीच घटले असेल? जावई म्हणतात दोन्ही. मला तुमच्या हातचे गणित हवे आहे. पाटाची रुंदी साधारण 1.2 मीटर आणि उंची 1.8 मीटर धरा. उत्तर पत्रानेच पाठवा.

आई, गुडघ्याचे तेल संपले असेल तर वेळेवर आणवून घे, दिवाळीची वाट पाहू नकोस.

तुमची,
लेक